डासाचा दंश आणि मातेची कूस

(ग्रामपंचायत सभागृहात ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय सेवक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरात नवे बाळ येणार अशी चाहूल लागली, की आपल्या समाजात त्या स्त्रीभोवती काळजीचे एक कुंपणच उभे राहते. तिने जड उचलू नये, उपाशी राहू नये, तिन्हीसांजेला एकटीने बाहेर जाऊ नये, असे वडीलधारी मंडळी सांगत राहतात. ग्रहण लागले तर तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिले जात नाही. विळी, सुरी, सुई यांना हात लावू दिला जात नाही. ग्रहणात काही चिरले तर बाळाचा ओठ फाटलेला निघतो, ही समजूत अजूनही पुष्कळ घरांत आहे. या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. परंतु तिच्यामागे एक खरी भीती आहे. बाळ अव्यंग जन्माला येईल ना, ही ती भीती होय. तिला हसण्याचे कारण नाही. खेद इतकाच वाटतो, की ज्या घरात सूर्यचंद्राच्या सावलीचा एवढा बंदोबस्त होतो, त्याच घराच्या मागल्या दारी पाण्याचे उघडे पिंप उभे असते, माडाखाली करवंट्या पडलेल्या असतात आणि भर दिवसा त्या गरोदर स्त्रीच्या पायाला डास चावत असतो. त्या डासाकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते.

गर्भातील बालकाच्या मेंदूला इजा पोहोचवू शकणारा एक विषाणू डासाच्या दंशातून मातेच्या शरीरात शिरतो, ही गोष्ट आता निर्विवाद सिद्ध झालेली आहे. या विषाणूचे नाव झिका. हा विषाणू काय करतो, तो कोणाकोणाच्या द्वारे मातेपर्यंत पोहोचतो आणि त्याला वाटेतच अडविण्याची जबाबदारी कोणाची, या तीन प्रश्नांचा विचार आजच्या व्याख्यानात करावयाचा आहे.

अरण्यातील एक अपरिचित विषाणू

आफ्रिकेतील युगांडा देशात एन्टेबे शहराजवळ झिका नावाचे अरण्य आहे. तेथील भाषेत या शब्दाचा अर्थ दाट वाढलेले रान असा होतो. पीतज्वराचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांनी या अरण्यात झाडांवर पिंजरे टांगून त्यांत माकडे ठेविली होती. १९४७ च्या एप्रिल महिन्यात त्यांपैकी एका माकडाला ताप आला आणि त्याच्या रक्तात एक नवा विषाणू आढळला. पुढल्याच वर्षी, १९४८ मध्ये, त्याच अरण्यातील डासांतही तो सापडला. अरण्याचे नाव विषाणूला मिळाले ते असे.

भारताशी या विषाणूचा संबंध जोडणारी नोंदही जुनीच आहे. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू संस्था या नावाने ओळखले जाते. या केंद्रातील शास्त्रज्ञांनी केलेल्या आरंभीच्या एका पाहणीत भारतीय रहिवाशांच्या १९६ रक्तनमुन्यांपैकी ३३ नमुन्यांत झिकाविरुद्धची प्रतिकारद्रव्ये आढळली. डेंग्यूसारख्या जवळच्या विषाणूंमुळेही अशी प्रतिक्रिया दिसू शकते, त्यामुळे एवढ्यावरून निश्चित निष्कर्ष काढणे कठीण असते. तरीही हा विषाणू केवळ दूरदेशीचा आहे, असे मानण्यास तेव्हापासूनच जागा राहिलेली नाही.

त्यानंतरची अनेक दशके झिकाचे मनुष्यातील रुग्ण फारच थोडे नोंदले गेले. २००७ साली पॅसिफिक महासागरातील याप या लहानशा बेटावर साथ आली. तीन वर्षांवरील दर चार रहिवाशांपैकी जवळजवळ तिघांना संसर्ग झाल्याचा अंदाज निघाला. परंतु कोणी दगावले नाही, कोणाला रुग्णालयातही ठेवावे लागले नाही. बाधितांपैकी बहुतेकांना तर आजाराची जाणीवही झाली नाही. ज्यांना झाली त्यांना बारीक ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी आणि डोळ्यांची लाली एवढाच त्रास होऊन दोन ते सात दिवसांत ते बरे झाले. साहजिकच झिका हा किरकोळ ज्वर होय, असे मत रूढ झाले. २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात साथ आली, तेव्हा काही रुग्णांत मज्जातंतूंवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडल्याचे आढळले आणि या मताला पहिला तडा गेला.

रेसिफे शहरातील मायलेकी

२०१५ च्या उत्तरार्धात ब्राझीलच्या ईशान्य भागातील रेसिफे शहरात बालकांच्या मज्जासंस्थेच्या तज्ज्ञ डॉक्टर व्हनेसा व्हान डर लिंडेन यांच्याकडे अतिशय लहान डोक्याची बाळे एकामागून एक येऊ लागली. अशी बालके पूर्वीही जन्मत. परंतु ती क्वचित, आणि त्यामागची कारणे बहुधा सापडत. या बाळांच्या बाबतीत नेहमीच्या सर्व तपासण्या निष्फळ ठरल्या. व्हनेसा यांच्या मातोश्रीही त्याच शाखेच्या डॉक्टर. त्यांच्याकडेही अशीच बालके येत होती. मायलेकींनी आपापले अनुभव पडताळून पाहिले. मातांना विचारणा केली असता अनेकींना गरोदरपणी अंगावर पुरळ उठून गेल्याचे आठवले. त्याच सुमारास त्या भागात झिकाची साथ येऊन गेली होती.

शेजारच्या पाराइबा राज्यातील डॉक्टर आद्रियाना मेलो यांनी दोन गरोदर स्त्रियांचे गर्भजल तपासणीसाठी पाठविले. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्या दोन्ही नमुन्यांत झिकाचा विषाणू सापडला. त्याच महिन्यात ब्राझील सरकारने राष्ट्रीय आरोग्य आणीबाणी घोषित केली. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा आंतरराष्ट्रीय चिंतेचा विषय असल्याचे जाहीर केले.

संशय आणि सिद्धता यांत अंतर असते. रोगप्रसाराच्या अभ्यासक डॉक्टर सेलिना तुर्ची यांच्या गटाने रेसिफेतील रुग्णालयांत नवजात बालकांची तुलना केली. पहिल्या अहवालात लहान डोक्याच्या ३२ बालकांपैकी १३ बालकांत झिकाच्या संसर्गाचा प्रयोगशाळेतील पुरावा मिळाला. तर सर्वसाधारण डोक्याच्या ६२ बालकांपैकी एकातही तो मिळाला नाही. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने सर्व पुराव्यांची छाननी करून झिका हेच या व्यंगाचे कारण असल्याचा निष्कर्ष जाहीर केला.

या काळात अफवांचेही पीक आले. कोणी लशीला दोष दिला, कोणी पाण्यात टाकल्या जाणाऱ्या अळीनाशक औषधाला. शास्त्रीय तपासात हे दोन्ही आरोप टिकले नाहीत. मात्र अशा अफवांमुळे औषध टाकणाऱ्या कर्मचाऱ्याला लोक दारातून परत पाठवितात आणि डासाला अभय मिळते, हा धडा आपल्यालाही घेण्याजोगा आहे.

कुशीत काय घडते

मातेच्या रक्तातील पुष्कळसे रोगजंतू गर्भापर्यंत पोहोचू न देण्याचे काम वार करीत असते. झिकाचा विषाणू हे कुंपण ओलांडतो. गर्भात शिरल्यावर तो विशेषतः त्या मूळ पेशींवर हल्ला करतो, ज्यांची संख्या वाढत जाऊन पुढे बाळाचा मेंदू घडतो. बीजच करपले तर पीक कोठून येणार? मेंदूची वाढ खुंटते, त्याच्या आत चुन्याचे कण साठतात आणि मेंदू लहान राहिल्याने कवटीही लहान राहते. डोळ्यांच्या पडद्यावर डाग पडतात, ऐकू येण्यात दोष राहतो, हातपायांचे सांधे आखडलेले असतात, पुढे आकडी येऊ लागते. या सर्व दोषांच्या समूहाला जन्मजात झिका विकार असे म्हणतात. काही वेळा गर्भपात होतो, अपुऱ्या दिवसांची प्रसूती होते किंवा बाळ मृतावस्थेत जन्मते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण अर्धवट माहितीने विनाकारण घबराट पसरते. गरोदरपणी झिकाचा संसर्ग झालेल्या प्रत्येक स्त्रीच्या बाळाला व्यंग येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे अशा शंभर बालकांपैकी ५ ते १५ बालकांत विषाणूचे परिणाम दिसतात. धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. परंतु नंतरच्या महिन्यांतही तो संपत नाही. मातेला ताप आला नाही, तिला काहीच जाणवले नाही, तरीही गर्भाला बाधा होऊ शकते. उलटपक्षी, जन्माच्या वेळी डोके ठीक असलेल्या बाळातही दृष्टीचे किंवा वाढीचे दोष पुढे प्रकट होऊ शकतात.

ब्राझीलमध्ये जन्मजात झिका विकार असलेल्या बालकांचा तीन वर्षांच्या वयापर्यंतचा मृत्युदर इतर बालकांच्या सुमारे ११ पट असल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. जी बालके जगली, त्यांना गिळताना, बसताना, पाहताना पदोपदी आधार लागतो. हा आधार मुख्यतः त्यांच्या आयांनी दिला. कित्येकींना नोकरी सोडावी लागली. काहींचे पती त्यांना सोडून गेले. त्या एकमेकींना शोधून संघटित झाल्या आणि शासनाच्या दारी उभ्या राहिल्या. २०१५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या अशा बालकांना आजीवन निवृत्तिवेतन देणारा कायदा ब्राझीलमध्ये २०२० साली संमत झाला.

पुरुषांनी ऐकावयाची गोष्ट

हा विषय बायकांचा आहे असे समजून सभेच्या मागल्या रांगेत गप्पा मारणाऱ्या पुरुषवर्गाने आता कृपया लक्ष द्यावे.

२००८ साली आफ्रिकेतील सेनेगल देशात डासांचा अभ्यास करून एक अमेरिकन शास्त्रज्ञ आपल्या घरी परतला आणि आजारी पडला. थोड्याच दिवसांत त्याची पत्नीही तशीच आजारी पडली. ती आफ्रिकेत गेली नव्हती. ती राहत होती त्या भागात झिका पसरविणारे डासही नव्हते. पुढे दोघांच्या रक्तात झिकाचा पुरावा मिळाला आणि पतीकडून पत्नीला शरीरसंबंधातून संसर्ग झाला असावा असे अनुमान २०११ साली प्रसिद्ध झाले. नंतरच्या साथीत हे अनुमान खरे ठरले. ताप उतरून माणूस हिंडूफिरू लागल्यावरही झिकाचे अंश पुरुषाच्या वीर्यात कित्येक आठवडे, क्वचित कित्येक महिने आढळतात. याचे कारण असे, की शरीराची संरक्षक यंत्रणा वृषणांत मुक्तपणे शिरू शकत नाही. शुक्राणूंच्या रक्षणासाठी निसर्गाने घातलेल्या या कुंपणाचा लाभ विषाणूला मिळतो.

पुरुषाच्या स्वतःच्या प्रजननशक्तीवरही परिणाम होतो काय, याचा शोध घेतला गेला. अमेरिकेत २०१६ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत झिकामुळे नर उंदरांचे वृषण आक्रसल्याचे दिसले. कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूप बेटावर १५ बाधित पुरुषांचा अभ्यास झाला. आजारानंतर महिन्याभराने त्यांच्या शुक्राणूंची संख्या निम्म्याहून खाली गेली होती. चार महिन्यांच्या सुमारास ती पूर्ववत झाली. मनुष्यात यामुळे कायमचे वंध्यत्व येते असे सिद्ध झालेले नाही, ही दिलासा देणारी बाब होय.

या सर्व माहितीतून एक साधा नियम निघतो. ज्या पुरुषाला झिका झाला असेल किंवा जो साथ असलेल्या भागातून परतला असेल, त्याने तीन महिने निरोध वापरावा किंवा संयम पाळावा. स्त्रीच्या बाबतीत ही मुदत दोन महिन्यांची आहे आणि तेवढा काळ गर्भधारणा लांबणीवर टाकणे हिताचे. पत्नी गरोदर असेल तर अशा पतीने प्रसूतीपर्यंत ही दक्षता घ्यावी. बाळाला व्यंग निघाले की सून अपशकुनी ठरते, तिच्या माहेरच्या कुळाची चौकशी होते. विषाणू पतीच्या शरीरातूनही आलेला असू शकतो, आणि डास तर शेजाऱ्याच्या पिंपातूनही आलेला असू शकतो. मग एकट्या मातेला दोष देण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

शेजारपाजारच्या नोंदी

भारतातील पहिले निश्चित रुग्ण गुजरातमध्ये अहमदाबाद शहरात आढळल्याचे मे २०१७ मध्ये जाहीर झाले. त्या तिघांत एक गरोदर स्त्री होती आणि एक नुकतीच प्रसूत झालेली. २०१८ साली राजस्थानात जयपूर येथे आणि मध्य प्रदेशातही साथ पसरली. २०२१ च्या पावसाळ्यात केरळात आणि नंतर उत्तर प्रदेशातील कानपुरात रुग्ण सापडले. २०२२ च्या डिसेंबरात कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात एका पाच वर्षांच्या मुलीला संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले.

महाराष्ट्रातील पहिली नोंद एखाद्या महानगरातील नव्हती. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी जुलै २०२१ मध्ये तापाचे रुग्ण वाढले. तपासणीत डेंग्यू आणि चिकुनगुन्या यांच्या बरोबरीने एका पन्नास वर्षांच्या स्त्रीच्या नमुन्यात झिका सापडला. ती स्त्री बरी झाली. पण गावाला त्यानंतर ज्या सूचना मिळाल्या, त्यांत डासांच्या बंदोबस्ताबरोबर निरोधाचा वापर आणि चार महिने गर्भधारणा टाळणे यांचाही समावेश होता. ज्या गोष्टी घरात दबक्या आवाजातही बोलल्या जात नाहीत, त्या एका खेड्याला चव्हाट्यावर बोलाव्या लागल्या. यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

२०२४ च्या जून महिन्यापासून पुणे शहरात पुन्हा रुग्ण आढळू लागले. त्यांत गरोदर स्त्रियांची संख्या मोठी होती, कारण त्यांची तपासणी विशेष कसोशीने करण्यात आली. ३ जुलै २०२४ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सूचनापत्र पाठवून बाधित गरोदर स्त्रियांच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवण्यास सांगितले. ब्राझीलमध्ये आली तशी व्यंग बालकांची लाट भारतात दिसलेली नाही. परंतु गोव्याच्या उत्तरेच्या आणि पूर्वेच्या दोन्ही शेजारी राज्यांत या विषाणूची नोंद झाली आहे. रेल्वे, मोटारी आणि पर्यटक यांची वर्दळ बाराही महिने चालू असते. अशा वेळी निश्चिंत राहणे शहाणपणाचे नव्हे.

पाहुणा नव्हे, घरातीलच

झिका पसरविणारा एडिस जातीचा डास डेंग्यू आणि चिकुनगुन्याही पसरवितो. त्याच्या काळ्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असतात. तो गटारातला डास नव्हे. त्याला स्वच्छ, साचलेले पाणी आवडते आणि तो बहुधा दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. रात्री मच्छरदाणी लावून झोपणाऱ्या घरालाही त्यामुळे तो गाठतो. तो फार लांब उडत नाही. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या आवारात जन्मलेला असतो.

मादी आपली अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला पाण्याच्या पातळीच्या किंचित वर चिकटविते. ही अंडी कोरड्या भांड्यात कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. नुसते पाणी ओतून दिल्याने काम होत नाही ते याच कारणाने. आठवड्यातून एक दिवस ठरवून पिंप, रांजण, हंडे रिकामे करावे, आतून काथ्याने खसखसून घासावे, उन्हात सुकवावे आणि भरल्यावर घट्ट झाकावे. याला कोरडा दिवस म्हणतात.

पावसाळ्यात आवाराची फेरी मारताना कोठे पाहावे? करवंट्या, जुने टायर, ताडपत्रीच्या घड्या, छपराची पन्हळ, पोफळीखाली पडलेली झापे, रबराच्या मळ्यातील चिकाच्या वाट्या, किनाऱ्यावर उताण्या ठेवलेल्या होड्या, बांधकामावरील हौद, फुलझाडांच्या कुंड्यांखालच्या ताटल्या आणि शीतकपाटामागील पाण्याचा ट्रे. जी टाकी रिकामी करणे शक्य नाही, तिला जाळी बसवावी. विहिरीत गप्पी मासे सोडावेत.

कोणी काय करावे

गरोदर स्त्रीने अंगभर कपडे घालावेत आणि दिवसा आडवे होतानाही मच्छरदाणी वापरावी. डास पळविणारी मलमे वेष्टणावरील सूचनेप्रमाणे वापरल्यास गरोदरपणी चालतात. तरी परिचारिकेला विचारून घ्यावे. ताप, पुरळ किंवा डोळ्यांची लाली दिसताच त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. रक्तातील विषाणू पहिल्या आठवड्यातच सहसा सापडतो. लघवीत तो थोडे अधिक दिवस मिळतो. उशीर केला तर निदानाची संधी निघून जाते. झिकावर खास औषध नाही आणि मान्यताप्राप्त लसही अद्याप उपलब्ध नाही. विश्रांती, पातळ पदार्थ आणि वैद्यकीय सल्ल्याने पॅरासिटामॉल हाच उपचार. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिनसारख्या गोळ्या घेऊ नयेत. प्रसूतीनंतर मातेने स्तनपान थांबविण्याचे कारण नाही.

झिका झाल्याचे निष्पन्न झाले तर सोनोग्राफीने गर्भाच्या डोक्याची वाढ वेळोवेळी पाहिली जाते. व्यंग तपासण्यासाठी सोनोग्राफी कायदेशीर आहे. लिंग सांगणे व विचारणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. गर्भात गंभीर दोष आढळल्यास २०२१ साली सुधारलेल्या गर्भपातविषयक कायद्याप्रमाणे वैद्यकीय मंडळाच्या मतानुसार २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. तो करावा की नाही, हा निर्णय त्या स्त्रीचा. तिच्यावर कोणत्याही बाजूने दडपण आणणे योग्य नव्हे.

शिक्षकांच्या हाती मोठे सामर्थ्य आहे. आठवड्याच्या कोरड्या दिवशी मुलांना घरची भांडी तपासून यावयास सांगितले आणि एखाद्या काचेच्या बरणीत, तोंडाला जाळी बांधून, वळवळणाऱ्या अळ्या दाखविल्या, तर तो पाठ मुले आजीआजोबांनाही शिकवितील. वरच्या वर्गातील मुलामुलींना विषाणू शरीरसंबंधातूनही पसरतो हे संकोच न बाळगता, योग्य शब्दांत सांगितले पाहिजे.

शासकीय सेवकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. रेसिफेच्या गरीब वस्त्यांत नळाला नियमित पाणी येत नव्हते. म्हणून लोक पाणी साठवीत आणि त्या साठ्यात डास वाढत. चार दिवसांनी पाणी येत असेल तर गृहिणीने पिंप रिकामे कसे करावयाचे? झिकाचा बंदोबस्त एकट्या आरोग्य खात्याचे काम नाही. पाणीपुरवठा, बांधकाम, पंचायत आणि शिक्षण या खात्यांचाही तो विषय आहे. प्रसूतिगृहात प्रत्येक नवजात बाळाच्या डोक्याचा घेर मोजपट्टीने मोजून नोंदविणे हे काम क्षुल्लक वाटते. परंतु रेसिफेतील उलगडा अशाच निरीक्षणातून झाला. व्यंग आढळलेल्या बालकाला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वेळेवर पोहोचविणे आणि बाधित घराचे नाव चव्हाट्यावर येणार नाही याची काळजी घेणे, ही कर्तव्येही तितकीच महत्त्वाची.

बंधुभगिनींनो, ग्रहण वर्षातून क्वचित लागते. डास दररोज चावतो. आपल्या वाडवडिलांनी गरोदर स्त्रीभोवती काळजीचे जे कुंपण घातले, ते मोडावयाचे नाही. ते फक्त योग्य जागी उभे करावयाचे आहे. अंधाऱ्या खोलीत तिला कोंडून ठेवण्याऐवजी घरातील पुरुषाने उठून मागल्या दारचे पिंप घासावे, शेजाऱ्याने आपल्या आवारातील टायर उचलावा, पंचायतीने नळाला पाणी आणावे. जे बाळ अद्याप जन्मलेले नाही, त्याच्यासाठी साऱ्या गावाला करता येण्याजोगे हे काम आहे. कोरड्या दिवसाचा आरंभ येत्या आठवड्यापासूनच व्हावा, एवढी विनंती.